डोंगराकडचं शेत आणि माझी उलटी सही

मी, केझिया थ्रॉल, वय बावन्न, व्हरमाँट राज्यातल्या हार्लो गावची, कै. असाहेल थ्रॉल यांची विधवा. छातीचं दुखणं बळावलंय, डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने तोंडावर बोलावं. हे माझं मृत्युपत्र मी सांगते आणि न्यायाधीश हस्किन्स लिहितात. हस्किन्स, हसू नका, लिहा.

१. थोरलं घर आणि खालची जमीन माझी नाही. नवऱ्याने ती पुतण्या लेम्युएलला दिली. मला मरेपर्यंत पश्चिमेची खोली, विहिरीपर्यंतची वाट आणि शनिवारी पावाची भट्टी पेटवायचा हक्क. सतरा वर्षं नवरा गावचा प्रतिनिधी म्हणून दर ऑक्टोबरात विधानसभेला गेला, बटाटे मी काढले. म्हणायचे, "केझिया, मला सभेत बोलायचंय. तू सभापती हो आणि ऐक." मी म्हणायची, "सभापतींना धार काढायची आहे, आटपा." एकदा म्हटलं, राबते तिच्या नावावर जमीन, असा कायदा करा. "पुढच्या अधिवेशनात बघू गं." अधिवेशनं संपली, तेही संपले.

२. डोंगराकडचं पाच एकर शेत मात्र मी विधवा झाल्यावर चीज विकून घेतलं. ते थँकफुल डनिंगला. मोलाने कामाला आली, पण तीन हिवाळे माझ्याशी बोलणारं माणूस ती एकटीच. लेम्युएल भिंतीपलीकडे राहतो, माझ्या वाट्याची लाकडं दाराशी टाकून जातो, "काकू" एवढंही न म्हणता. त्याचा या शेतावर डोळा आहे. त्याला नवऱ्याची विधानसभेची टोपी. डोकं फुगलंय, बरोबर बसेल.

३. टेबल थँकफुलला. शाळा मला ठाऊक नाही. नवरा जेवल्यावर या टेबलाशी कायदे मोठ्याने वाचायचे, अक्षरावर बोट ठेवून. मी समोर लोकर विंचरायची. शिकले ती अक्षरं समोरूनच, उलटी. अजूनही त्यांची पत्रं फिरवून धरते. ते समोर बसल्यासारखे वाटतात. पत्रं माझ्याबरोबर पुरा.

४. म्हणून सही उलटी आहे. शेतासाठी लेम्युएल कोर्टात जाईल, म्हणेल, काकू बिथरली होती. बिथरले नव्हते. कागद टेबलावर ठेवा आणि माझ्या समोरच्या जागेवर येऊन बसा. तीन वर्षं रिकामी आहे. तिथून नाव सरळ वाचता येतं.

केझिया थ्रॉल

ही सही त्यांनी आमच्यादेखत केली. आम्ही समोर बसून वाचली.
साक्षीदार: ओबेदाया हस्किन्स, जेरुशा पेल्टन, सायलस वुडकॉक
हार्लो, ९ मार्च १८०३