निरोगी नमुना क्रमांक सात

दि. १४ मार्च

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी ठीक आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं, एवढं आईला वाचून दाखवा. पुढचं मात्र आधी तुम्ही एकट्यानं वाचा.

परिषद झाली, आमचं पोस्टर लागलं. तुम्ही फोनवर म्हणाला होतात ना, "रेघोटी, पाटी वाचणारा माणूस चालत असतो, थांबलेला नसतो. त्याला एकच गोष्ट सांग." त्यावरून मी अर्धाअधिक मजकूर उडवला. माझ्या मार्गदर्शक मॅडम कुरकुरल्या. तीन वर्षांचं काम आणि पोस्टरवर जेमतेम दोनशे शब्द! पण शेजारी बारीक अक्षरांची गर्दी केलेल्या पोस्टरकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं आणि आमच्यासमोर माणसं आपसूक थबकत होती. मथळा सहा पावलांवरून वाचता येत होता : "हात थरथरण्याआधी अक्षर बोलतं." खाली एक आलेख आणि मधोमध दोन हस्ताक्षरं, प्रत्येकी हातभर रुंद. डावीकडे कंपवाताच्या रुग्णाचं, उजवीकडे निरोगी माणसाचं. वाक्य दोघांचं एकच.

निरोगी हस्ताक्षर तुमचं होतं. तुम्हाला चकित करायचं होतं, म्हणून बोलले नव्हते. पस्तीस वर्षं ज्यानं गावभर पाट्या रंगवल्या त्याच्याइतकं देखणं अक्षर आमच्या निरोगी गटात दुसऱ्या कुणाचं असणार? नाव अर्थातच नाही. नुसतं "निरोगी नमुना क्रमांक सात".

दुपारी एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा पुसून घेतला आणि थेट उजव्या चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"ही दोन चित्रं उलटसुलट लागलीत का?"

मी हसले. "नाही, हा निरोगी."

"कोण म्हणतं?" त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू ओळीच्या टोकापर्यंत नेलं. "हे बघ. इथून निघालंय एवढं, आणि इथं पोचेपर्यंत निम्मं झालंय. सुबक आहे, सरळ आहे, पण आक्रसत गेलंय. लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असावं, फार जपून लिहिलंय. पोस्टरवरून मी निदान करत नाही, पण या माणसाला तपासलंय का कुणी?"

बाबा, त्यांच्या बोटामागून मी ती ओळ पुन्हा वाचली. बाई विचारत होत्या, "ओळखीचा आहे का?" मी बहुतेक "हो" म्हटलं. कुणीतरी खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीत बसून मी समोर बघत राहिले. मीच हातभर मोठं करून, मीच दिवे लावून टांगलेलं.

मला दिसलं नव्हतं, असं मी तिथं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे.

सहा महिन्यांपूर्वी तुम्ही नमुना म्हणून पाठवलेला शेवटचा कागद मोजला तेव्हाच अक्षराच्या आकाराचा आकडा खाली गेला होता. तुम्ही सोबत चिठ्ठी जोडली होती, "घाईत लिहिलंय, चालवून घे." मी त्या आकड्यापुढे "घाईत लिहिले" अशी नोंद केली आणि तो वगळला. परक्या कुणाचा असता तर त्याच दिवशी फोन केला असता. तुमचा होता, म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. वर तोच कागद पोस्टरवर लावला. शंभर जणांनी पाहून "निरोगी" म्हणावं, असं मनात असेल का? मला सांगता येत नाही.

काल मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चूक मोठी आहे. आकडे दुरुस्त करू, परिषदेलाही कळवू. पण आधी घरी फोन कर." मी फोन उचलला आणि ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या गुरुवारी सकाळची वेळ दिली आहे. रागवा, ओरडा, पण या.

कसं लिहावं ते न कळलेली,
तुमची रेघोटी


दि. १९ मार्च

चि. रेघोटीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्यावर कसला रागवतो! घाईत लिहिलं ही थाप माझीच. त्या कागदाला अख्खा दिवस लागला. नऊ वेळा लिहिला. तुला पाठवला तो त्यातल्या त्यात बरा.

पाट्या सोडल्या त्या, तुम्हाला सांगितलं तसं, डोळ्यांमुळे नव्हे. एका शाळेच्या फाटकावर नाव रंगवलं, शिडीवरून उतरलो, रस्ता ओलांडून पाहिलं तर शेवटची अक्षरं बारीक होत गेलेली. शाळेच्या बाई म्हणाल्या, "छान दिसतंय की!" मी सगळं पुसून पुन्हा रंगवलं. पुन्हा तसंच. घरी येऊन ब्रश धुतले आणि माळ्यावर टाकले. तुझं काम कशावर आहे ते मला ठाऊक होतं, म्हणूनच जास्त घाबरलो. तुला कळेल म्हणून कागद पाठवायला नको वाटायचं, आणि कळावं म्हणून पाठवतही होतो.

तू एकट्यानं वाचा म्हणालीस, तरी पत्र तुझ्या आईच्या हातात दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "वर्षभर तुमच्या शर्टाची बटणं मी लावतेय, ती काय हौस म्हणून?" म्हणजे या घरात लपून बसलेला मी एकटाच, आणि तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

गुरुवारी दोघंही येतो. तुझ्या मॅडमना सांग, माझा कागद फाडू नका, योग्य गटात लावा. स्टेशनवर तू स्वतः ये. डॉक्टरांच्या आधी तुला बघायचं आहे.

भ्यालेले, पण आता हलके झालेले,
तुझे बाबा