गिनीपिगची पाचवी

६ फेब्रुवारी, गुरुवार

एक नव्हे, तीन! पिंजऱ्यात लसूणघास टाकायला गेले तर तीन पिल्लं टकामका बघतायत. नवऱ्याला फोन लावला. "तुम्ही तर एकटीच म्हणाला होता!" — "टेम्पोत बसली तेव्हा एकटीच होती." पुण्यात कुणाचं तरी घर हलवलं, त्यांनी ही गिनीपिग ह्यांच्या गळ्यात मारली आणि ह्यांनी पारनेरला आणून माझ्या!

सतरा तारखेला मला राहात्याला हजर व्हायचंय. तालुक्याच्या कचेरीत लिपिक. चौथ्यांदा परीक्षा दिली तेव्हा कुठे नियुक्तीचा कागद हातात आला. आणि पिल्लं बघून सासूबाईंनी काय म्हणावं? "घरात बाळंतीण आसताना सून सव्वा महिना घर सोडत न्हाई." कुणाची बाळंतीण, आत्याबाई? ती ओंजळीत मावते!

७ फेब्रुवारी

पिल्लांना जन्मतःच दात. डोळे उघडे. दुसऱ्याच दिवशी घास कुरतडतायत! आत्याबाईंनी तिघांची दृष्ट काढली. मग "वारं लागंल" म्हणून आईच्या कानाला फडकं बांधायला गेल्या. ती चावली. "बाळंतीण चिडचिडी आसतीच," म्हणाल्या, आणि बोटाला हळद लावून शेपू निवडायला बसल्या.

८ फेब्रुवारी

आईला आचळं दोनच. पिल्लं तीन. धाकटं दर वेळी ढकललं जातं. आत्याबाई पिंजऱ्यापुढे ठाण मांडून: "तुजं झालं. हो बाजूला. आता ह्याला." निम्मी आळी बघून गेली. शेजारच्या रुपालीनं तर टोपडं आणलं! मी हसले, तर सगळ्याजणी माझ्याकडेच बघायला लागल्या.

खरं सांगू? धाकट्यात माझाही जीव अडकलाय. पण म्हणून नोकरी सोडू काय?

९ फेब्रुवारी

धाकटं प्यायलं! पोट भरून! आत्याबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी काय केलं होतं, देव जाणे.

१० फेब्रुवारी, सोमवार

देवा रे देवा.

आज पाचवी घातली. गिनीपिगची! पाटा-वरवंटा पुजला, दिवा लावला, सटवाईनं पिल्लांचं नशीब लिहावं म्हणून पेन आणि कोरा कागद ठेवला — पिंजऱ्यात, पिल्लांच्या उशाशी. मी दळण घेऊन येईस्तोवर कागदाचा एक कोपरा उरला होता. त्यावर निम्मा गोल शिक्का. माझा नियुक्तीचा आदेश!!

"कोरी बाजू वर हुती गं," म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही हे खरं. पण घरात दुसरा कागद नव्हता? मुद्दामच केलं. तोंडावर म्हणाले तसं. त्या उरलेला कोपरा पदरानं पुसायला लागल्या. मला वाटलं होतं भांडतील.

११ फेब्रुवारी

कचेरीत फोन केला.

"आदेश कशानं खराब झाला?"
"गिनीपिगनं खाल्ला."
"डुकरानं?"
"नाही हो, लहान असतं. बाळंतीण आहे."
मग मागे कुणीतरी खो-खो हसलं. "मॅडम, दुसरी प्रत इथं मिळेल. तुम्ही फक्त सतराला वेळेवर या."

लाजेनं मेले. पण नोकरी शाबूत आहे!

१३ फेब्रुवारी

आत्याबाईंशी बोलणं बंद. मी भाकरी वाढते, त्या खातात. दिवसभर पिल्लांशी मात्र बडबड चालू.

१५ फेब्रुवारी

बॅग भरली. सव्वा महिना गेला खड्ड्यात! धाकट्याला शेवटचं मांडीवर घेतलं. पायजम्यावर मुतलं. रडू आलं, आणि त्यात हसूही आलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे टेम्पो घेऊन आले. बॅग टाकायला गेले तर आत्याबाई आधीच पुढच्या सीटवर. नवं लुगडं, मांडीवर पिंजरा, पायाशी स्वतःचं गाठोडं.

"आत्याबाई, तुम्ही कुठं?"

"तू नुसतं सांगितलंस, ‘मी जाते’. येता का म्हनून कोनी इचारलं मला?"

नाही विचारलं. दहा दिवसांत एकदाही नाही. मनातसुद्धा आलं नाही माझ्या.

"सरका थोडं," म्हटलं.