भाऊबीजेची पैठणी

प्रिय अण्णा,

एका पैठणीची खरी किंमत मी काल मांडली. येवल्याची, मोरपंखी, एकदाच नेसलेली. किंमत: ओझरच्या आपल्या मळ्यातली एक एकर जमीन. तीन एकर, तीन भावंडं. याला वकील कशाला हवा?

लिहायला बसलो ते तुझ्या शोकसभेमुळं. तुझी नोकरी सगळी बाहेरच्या जिल्ह्यांत झाली, तरी नाशिकला वकिलांच्या बार रूममध्ये खुर्च्या कमी पडल्या. साहेब कुणाच्या घरचा चहा पीत नसत. साहेब तारखेवर तारीख देत नसत. आणि निवृत्तीच्या दिवशीचं तुझं ते वाक्य तर तिघांनी सांगितलं: "माझ्या कोर्टातून एकही लेक रिकाम्या हातानं परत गेली नाही."

माझे कान तुला माहीत आहेत. सातपूरच्या माझ्या वर्कशॉपात दहा लेथ चालू असताना कुठलं बेअरिंग गेलंय, ते मी दारातून सांगतो. मागच्या रांगेत आपली आक्का पुटपुटली, ते मी बरोबर ऐकलं.

"खरंय बाई. मीबी रिकामी नाय गेले. पैठणी व्हती हातात."

हसू दाबायला मी रुमाल काढला. लोकांना वाटलं, धाकटा भाऊ कोलमडला!

तू लॉ कॉलेजात होतास तेव्हा आक्का पहाटे भाकरी थापून तुझा डबा एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. स्वतः चौथीतून शाळा सोडलेली. तू न्यायाधीश झालास तेव्हा तिनं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. तुझा पहिला काळा कोट कुणी इस्त्री केला होता, अण्णा?

आणि मग ती भाऊबीज. ओवाळणीत पैठणी घातलीस आणि दुसऱ्या दिवशी तिला रजिस्ट्रारकडे नेलंस, हक्कसोड करायला. बहिणीनं आपला वाटा भावांना सोडून दिल्याचा कागद. तिनं विचारलं होतं, आठवतं?

"अण्णा, तू तर कोर्टात लेकींना वाटा देतो म्हणं?"

"आक्का, ते कोर्टात. हे घर आहे. माहेर तुटू नये म्हणून नुसती सही कर."

कसं रे बोलवलं तुला? त्याच महिन्यात कुणा परक्या बाईला तिच्या भावांकडून वाटा मिळवून दिला होतास. निकालाची बातमी आक्कानंच कापून ठेवलीय. पत्र्याच्या पेटीत, पैठणीच्या घडीत.

मी का गप्प बसलो, तेही सांगतो. वर्कशॉपच्या कर्जाला तारण हवं होतं. मी एक विनोद केला, आक्का हसली, आणि तिनं सही केली. आज सगळे म्हणतात, बाळूशेठ स्वतःच्या हिमतीवर उभे राहिले. ऐकायला बरं वाटायचं. आता नाही वाटत.

नवरा गेल्यापासून ती मळ्यातल्या खोलीत राहते. गेल्या वर्षी तुझ्या उशाशी बसून म्हणाली, "मला काय करायची जमीन? माझं नाव तेवढं लागू दे, म्हंजे कुणी उठवायचं नाय." तू भिंतीकडं वळलास. "पुढं बघू." तारीख दिलीस, अण्णा! कधी कुणाला देत नव्हतास, ती बहिणीला दिलीस.

तुझा चिरंजीव तेराव्यालाच गिऱ्हाईक घेऊन आला. खोली पाडावी लागेल, म्हणाला. आत आक्का चहा करत होती.

म्हणून वचन देतो. माझ्या दीड एकरातला अर्धा एकर मी तिच्या नावे करतोय, खोलीसकट. तिचा उरलेला अर्धा एकर तुझ्या वाट्यात अडकलाय. तुझ्या पोरानं दिला तर उत्तम. नाही दिला तर आक्का दावा लावेल आणि तिचा पहिला साक्षीदार मी असेन. पिंजऱ्यात उभा राहून सगळं सांगेन, माझ्या विनोदासकट.

बारवाले तुझी स्मरणिका काढतायत. पहिल्या पानावर तुझं ते वाक्य येणार आहे. आज सकाळी मी तलाठ्याकडून सातबारा आणला. त्यावर नावं दोनच आहेत. एक तुझं, एक माझं.

तुझा धाकटा,
बाळू