तुझ्याकडे कललेला खांब

प्रिय शोभा,

फोटोसमोर उभं राहून बोलणार होतो. पण मी बोलायला लागलो की तू मधेच तोडायचीस, ती सवय फोटोलाही असेल, म्हणून लिहायला बसलो. आज सकाळी अंगणात जे झालं ते ऐक! एवढा मोठा शोध लागला, आणि अख्ख्या मंगरूळपीरमध्ये तो कळणारं माणूस एकच होतं. नेमकं तेच नाही.

माझ्या या उभं राहण्याचा पहिला दिवस आठवतो? मी तुला मोठ्या तोऱ्यात समजावत होतो. चिनी लोक आतल्या ताकदीच्या युद्धकलेत आधी मारणं शिकवत नाहीत, उभं राहणं शिकवतात. खांबासारखं! पाय खांद्याइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, माकडहाड खाली सोडलेलं, डोकं जणू दोरीनं वर टांगलेलं, आणि हात छातीसमोर असे की रांजणाला मिठी मारली आहे. मग काहीच करायचं नाही.

"काईच नाई करायचं?" तू म्हणालीस. "मंग हे तं तुमाले जन्मापासूनच येते!"

जळलेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरायला मला कोणी शिकवलं नाही. मोटारी खोलून खोलून शिकलो. खांबही तसाच शिकलो, मोबाइलवर चिनी म्हातारे पाहून. त्यांची भाषा कळत नव्हती, पण गुडघे कळत होते. अजूनही म्हणतो, गुरू नसल्यानं माझं काही अडलं नाही.

एकाच गोष्टीला दुसरं माणूस लागायचं. शिष्यानं जमिनीत मूळ धरलं की नाही, हे गुरू ढकलून पाहतो. ते काम तू केलंस. पोळ्या अर्ध्यावर टाकून यायचीस, पीठ लागलेला हात माझ्या छातीवर ठेवायचीस आणि विचारायचीस, "आज हालसान का नाई?" सुरुवातीला मी थेट मागच्या पायरीवर जाऊन बसायचो. पुढे तुला दोन्ही हात लावावे लागले. त्यानंतर ओठ दाबून, पदर खोचून, सगळं अंग घालून! तरी मी हलायचो नाही. पिठाचा पंजा बनियनवर घेऊन दिवसभर दुकानात बसायचो आणि कोणी विचारलंच तर सांगायचो, प्रमाणपत्र आहे.

मग तू गेलीस. जलदान विधीला सगळे म्हणाले, प्रल्हाद खंबीर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उभा राहिलोही. पण एक तक्रार आहे. जाण्याआधी एवढं तरी सांगायचंस, की उद्यापासून ढकलेल कोण?

आज पल्लवीला म्हटलं. रिसोडहून माहेरी आली आहे. "ये, ढकल मला." तर ती समोर यायलाच तयार नाही.

"समोर आईची जागा हाये," म्हणाली. "मी मागून लोटते."

आणि तिनं एक बोट लावलं. एक बोट, शोभा! मी थेट धुण्याच्या बादलीवर!

"बाबा, मुळं कुठी गेली तुमची?" हसून हसून ती खालीच बसली.

मी पुन्हा उभा राहिलो. पुन्हा बादली. माझा स्वभाव तुला माहीत आहे, बिघाड सापडल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, दाराच्या चौकटीवरून सोडला, त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि पल्लवीला बाजूनं फोटो काढायला लावला. कान, खांदा, कंबर, घोटा, सगळं एका रेषेत हवं. माझा कान घोट्याच्या कितीतरी पुढे! चपला उलट्या करून पाहिल्या. टाचा कोऱ्या, चवडे झिजून पातळ.

आलं का लक्षात? तू कायम समोरूनच ढकललंस! मी उभं राहायला शिकलोच नव्हतो, तुझ्या हाताला टेकायला शिकलो होतो. तू गेलीस, पण अंगाला ते कोण सांगणार? ते रोज सकाळी तुझ्या धक्क्यासाठी पुढे कलून तयार. इतके महिने मी रिकाम्या हवेला टेकून उभा होतो आणि तरी पडलो नाही. चवड्यांची ताकद तर बघ!

दुरुस्ती सोपी होती. वजन थोडं टाचेकडे घ्यायचं, बस. पण घेववेना. पल्लवी म्हणत होती, "व्हा ना सरळ," आणि मी तसाच. तुझ्या साड्या वाटून झाल्या, चष्मा देऊन झाला. हा कल तेवढा तुझ्या हातचा माझ्याकडे उरला होता. तो काढला तर तुझं काय राहतं? हे मी तिला बोललो नाही. पण पोरगी तुझीच!

"असे वाकून वाकून आईले शोधून राह्यले का बाबा?" ती म्हणाली. "ती काय अंगणात सांडली हाये?"

हुबेहूब तुझा टोमणा! मला हसू फुटलं, आणि हसता हसता खांदे उतरले, श्वास पोटात गेला, टाचा आपोआप जमिनीला टेकल्या. काय सांगू तुला! तळपाय गरम झाले, मांड्यांची थरथर थांबली. व्हिडिओतले म्हातारे उभ्याउभ्या गालात का हसतात, ते आज कळलं! पल्लवीनं मागून लोटलं, दोन्ही हातांनी. नाही हललो. डावीकडून, उजवीकडून. नाही!

"आता समोरून," मी म्हटलं.

ती घुटमळली, मग आली. तिचा हात तुझ्यापेक्षा जरा वर पडतो, उंच आहे ना. जोरात लोटलं. मी उभा होतो, आणि कशालाही टेकलो नव्हतो. तिनं हात काढल्यावर मी घाईनं माझी छाती चाचपली. तुझा हात पडायचा ती जागा अजून बोटानं दाखवता येते, शोभा. कल गेला, ती जागा गेली नाही.

रविवारी पल्लवी परत जाईल. त्यानंतरचं वचन देतो. जळलेली मोटर घेऊन दुकानात येईल त्यानं आधी मला ढकलायचं, मग मी नट खोलणार. प्रल्हाद मिस्त्री येडा झाला म्हणतील, म्हणू दे. मी सरळच उभा राहीन. तुला वाटेल तेव्हा ये आणि ढकल. कोणत्याही बाजूनं.

टाचांवर उभा असलेला तुझा,
प्रल्हाद