नागपूर ते हैदराबाद, सव्वा तास

३ फेब्रुवारी

बायको, बयना, म्हणते, विमानानं जाऊ! तिचे भाऊ चंपतराव, त्यांच्या पोराचं हैदराबादला लग्न आहे. आदिलाबादहून बस थेट जाते. सात तास. पण नाही! आधी चार तास उलटं नागपूरला जायचं. तिथून उडून परत खाली यायचं. बहुतेक आमच्याच घरावरून!

"काऊन?" विचारलं.

"मले बसाचं आहे."

संपला विषय.

४ फेब्रुवारी

दुकानात भांडी पुसता पुसता हिशेब मांडला. हवेतलं अंतर सव्वाचारशे किलोमीटर. वेळ सव्वा तास. वा! त्याच्या आधी नागपूरपर्यंत चार तास. विमानतळावर दोन तास नुसतं बसणं. उतरल्यावर चंपतरावांच्या घरापर्यंत दीड तास. एकूण पावणेनऊ. बसपेक्षा पावणेदोन तास जास्त. काय प्रगती!

बायकोला कागद दाखवला. तिनं पाहिलासुद्धा नाही. "वीस तारखेचंच काढा. दुपारचंच," एवढंच.

१० फेब्रुवारी

शेजारचे डोमाजी विचारतात, "मंग तेजूची भेट होईन ना विमानात?"

म्हटलं, हो, देशात एकच तर विमान आहे!

तेजस्विनी, आमची पोरगी. बी.एड. अर्ध्यात सोडून एअर होस्टेस झाली. दोन वर्षं झाली, मी तिच्याशी बोललेलो नाही. ती निघताना पाहुण्यांसमोर तिला म्हटलं होतं, "चहाच वाटाचा आहे तं आपल्या बसस्टँडवर वाट!" पाहुणे खूप हसले. ती नाही हसली.

१९ फेब्रुवारी

बयनानं नवं लुगडं काढून ठेवलं. लाडू बांधले. विमानात उपास घडतो की काय!

२० फेब्रुवारी, चंपतरावांच्या घरी

खुर्चीचा पट्टा लागेना. माझी ओढाताण चाललेली — दोन हात आले, खट्‌कन लावून मोकळे. वर पाहिलं. तेजू!

"झालं, सर."

सर!

आणि मी काय म्हणालो? "थँक्यू, मॅडम." गाढव!

बयना खिडकीकडे तोंड करून रडत होती. तारीख, वेळ — सगळं मायलेकींनी आधीच ठरवलेलं.

पुढे एक जण चुटकी वाजवून तिला बोलावू लागला. "ओ! पानी!" ती हसत गेली. पाणी गार नाही म्हणून खेकसला, "इतना भी नहीं आता क्या?" तरी ती हसतच. मला राहवलं नाही. उठायला गेलो तर पट्ट्यानं परत खाली बसवलं! बसल्या जागेवरूनच ओरडलो, "ओ भाऊ! माही पोरगी आहे ते! नीट बोल!"

अख्खं विमान वळून पाहू लागलं. तेजू आली. वाकून हळूच म्हणाली, "बाबा, ओरडू नका. माझी नोकरी आहे."

उतरताना ती दारात सगळ्यांना हात जोडत उभी. मला बोलायचं होतं. काय, ते जुळेना. मागून लोकांनी ढकललं. आलो खाली.

२१ फेब्रुवारी

मांडवात सगळे विचारतात, विमानात कसं वाटलं? म्हटलं, पट्टा फार मजबूत असतो.

जेवताना बयना एवढंच म्हणाली — "पोरीनं लाडू घेतले. तुमी कशे आहा, विचारत होती."

९ मार्च

दुकान बंद ठेवलं. तेजूच्या ड्यूटीची तारीख बयनाकडून काढून घेतली. एकटाच नागपूरला आलोय. तासाभरानं विमान. हैदराबादला काही काम नाही.