ताईची वेताची खुर्ची

३ मार्च
नवी खुर्ची दुकानात परत गेली. ताईनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही! "मला पलंगच बरा," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिची ती जुनी वेताची खुर्ची फाटून ती पडली, त्याला आज पाच आठवडे झाले. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. धरून नेलं तर न्हाणीघरापर्यंत, बस्स. डॉक्टरांनी मलाच झापलं – दिवसातून चार तास बसवा, नाहीतर पायातलं बळ कायमचं जाईल.

वेत विरलाय हे मला वर्षभर दिसत होतं. पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू... एवढी एक बहीण, आणि मी तिला पाडलं.

५ मार्च
वेत विणणाऱ्या मास्तरांकडे गेले. डोळे अधू झालेत, आता विणून देत नाहीत. शिकवीन म्हणाले. त्रेसष्टाव्या वर्षी! एकतीस वर्षं टपालावर शिक्के मारलेले हात माझे. तरी हो म्हणून बसले.

फाटलेली बैठक त्यांनी बोटांनीच चाचपली. "बाई, बसून बसून मधोमध झोळ पडतो. ही पुढच्या कडेला गेलीय. आणि दोन जागी."
असेल. फाटली ती फाटली!

९ मार्च
खुर्चीची चौकट ताईच्याच खोलीत मांडलीय, खिडकीपाशी. वेताच्या पट्ट्या बादलीत भिजवायच्या, मग भोकांतून ओवायच्या. चकचकीत बाजू वर हवी. माझ्या सात ओळी उलट्या! उसवल्या. ताई पलंगावरून बघत होती.

१३ मार्च
काल आडव्या पट्ट्या घातल्या. अशा ताणल्या की टिचकी मारली तर वाजाव्यात. स्वतःवर भलतीच खूश होते. आज सकाळी पाहते तर चार पट्ट्या तुटलेल्या!

मास्तर हसले. "ओला वेत ढिलाच ठेवायचा असतो, बाई. वाळला की आपला आपण ताठ होतो. तुम्हाला कसली घाई?"
कसली घाई ते यांना काय सांगू! घरी येऊन रडले. मग पुन्हा पट्ट्या भिजवल्या.

१७ मार्च
"धाकटे, तिसरी ओळ वाकडीय."
ताई बोलली! आपणहून! ओळ खरंच वाकडी होती. उसवताना मला कोण आनंद.

२० मार्च
ताईची साखर चक्क खाली आलीय. डॉक्टर म्हणाले, काय जादू केलीत? जादू कसली – बिस्किटांचा डबा जानेवारीतच कपाटावर, छतापाशी नेऊन ठेवलाय. निदान एवढं तरी मला जमलं.

२४ मार्च
तिरक्या पट्ट्या. बोटांना चिरा पडल्यात. पण जाळीत नक्षी उमटायला लागलीय – मी केलेली! आता ताई उशीला टेकून बसते आणि मुकादमासारखी हुकूम सोडते. "खालून घे. खालून गं, बावळट!" शिव्या खाऊन एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

२९ मार्च
झाली. मास्तर घरी आले, बैठकीवरून बोटं फिरवली. दोन ओळींपाशी थांबले, पण म्हणाले, "बसतंय हे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

खुर्ची ताईपुढे नेली. ती बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. "माझ्यासाठी नको होतं करायला गं." काही केल्या बसेना. मी पाडलं ते ती विसरलेली नाही. मी तरी कुठे विसरलेय?

३१ मार्च
चहाच्या वेळी ताईनं सांगितलं. माझ्याकडे न बघता. "मी बसले नव्हते गं त्या दिवशी. खुर्चीवर उभी होते. बिस्किटांच्या डब्यासाठी."

नऊ आठवडे! नऊ आठवडे मी स्वतःला खात होते आणि ही लाजेनं भिंतीकडे तोंड करून! अशी चिडले मी! मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसूच आलं, थांबेचना. तीही हसायला लागली. हसता हसता हात पुढे केला, उठली आणि बसली खुर्चीत. वेत जरासा करकरला, बस्स.

डबा खाली काढलाय. स्वयंपाकघरात, खालच्या फळीवर ठेवलाय. रोज एक बिस्कीट. पण चालत जाऊन तिनंच घ्यायचं.