भिंतीवर अडकलेल्या बाईंची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीपलीकडे, व्यवसाय नाच शिकवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला. गुडघ्यांचाही मागितला होता. ते नुसते हसले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात सगळ्यांनाच वगळले होते.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्यासोबत राहणाऱ्या धाकट्या बहिणीला द्यावे. तिने माझा एकही प्रयोग चुकवला नाही आणि एकाचीही स्तुती केली नाही. इतका विश्वासू प्रेक्षक बेघर होता कामा नये.

कलम दुसरे. बँकेत जे काही निघेल ते भाच्याला. त्याला खरे तर तालमीची खोली हवी आहे. "मावशी, तिथे जिम काढतो, तुझ्या नावाची पाटी लावतो," असे तो म्हणाला. लोकांनी घामाघूम होऊन माझ्या नावाकडे बघावे, हे माझ्या आयुष्यात पुष्कळ झाले आहे. नकार कायम.

कलम तिसरे. तालमीची खोली, आरसे व ढोलांसकट, वस्तीतल्या आमच्या नृत्यमंडळाला. हे कलम लांबेल. वकिलांनी हरकत घेतली, ती मी मानली नाही.

हे मंडळ मी समाज बदलण्यासाठी काढले. समाजाला याची कल्पना नव्हती. पहिला प्रयोग स्वच्छतेवर केला. त्यात मी जंतू होते. मुलांना जंतू इतके आवडले की घरोघरी जंतू नाचू लागले, हात मात्र कोणी धुतले नाहीत. दुसरा व्यसनमुक्तीवर. तो संपल्यावर प्रमुख पाहुणे आणि आमचा ढोलवाला गळ्यात गळे घालून प्यायला गेले.

मग शेजारच्या सोसायटीने रस्त्यावर भिंत घातली. चोऱ्या होतात म्हणे. वस्तीचा दवाखान्याकडे जाणारा रस्ता बंद झाला. आमच्यात नाचणाऱ्या इस्त्रीवालीच्या सासऱ्यांना झटका आला तेव्हा त्यांना उचलून लांबच्या वळणाने न्यावे लागले. ते वाचले, पण एक बाजू गेली. इस्त्रीवाली तालमीला आली ती चप्पल न काढताच.

"बाई, जंतू बास झाले. ह्या भिंतीचं काहीतरी करा."

"अगं, नाचाने भिंत पडते का?"

"मग इतकी वर्षं आम्हाला काय शिकवलंत?"

उत्तर म्हणून मी नाच बसवला. सोसायटीतल्या बायका माझ्याकडे व्यायामाला येत, त्यांना भिंतीच्या त्या बाजूला उभे केले. वस्तीतल्या बायका ह्या बाजूला. ढोल एकच, दोन्हीकडे ऐकू जाईल असा. प्रत्येक बाजूला पलीकडचे फक्त वर आलेले हात दिसायचे. ते हात पाहून मलाच भरून आले, आणि मला भरून आले की माझे हमखास काहीतरी बिनसते.

शेवट मी स्वतःसाठी राखला होता. शिडीने भिंतीवर चढायचे, हात पसरायचे, भाषण करायचे. चढले, एक पाय पलीकडे टाकला आणि मांडीत गोळा आला. भाषण राहिले बाजूला, मी ओरडलेच. सोसायटीचे चेअरमन धावत आले.

"खाली उतरा! ही खासगी मालमत्ता आहे!"

"उतरता येत नाही हो. पाय धरा माझे!"

"तुमचे पाय धरू? मी?" त्यांना वाटले, मी माफी मागायला लावते आहे.

"अहो, खरंच धरा, पडेन मी!"

शेवटी धरला त्यांनी. दोन्ही बाजूंचे लोक एकदमच हसले. भिंत उभी राहिल्यापासून दोन्हीकडच्यांनी मिळून केलेले ते पहिलेच काम.

थोड्या वेळाने गोळा गेला. मला उतरता आले असते. तेवढ्यात वस्तीकडच्या शिडीवर चढून इस्त्रीवालीने माझा दुसरा पाय घट्ट पकडला. "बाई," ती हळूच म्हणाली, "आता उतरू नका."

मी पुन्हा कण्हले. माझा आयुष्यातला सर्वोत्तम अभिनय तो.

नाचणाऱ्यांमधून चेअरमनच्या बायकोचा आवाज आला, "अहो, भिंतीत दार करतो म्हणा आणि सोडवा त्यांना!"

"मीटिंगमध्ये ठेवतो विषय."

"सगळे इथेच आहेत. आत्ताच ठेवा."

"बरं, दार हवं त्यांनी हात वर करा," ते वैतागून म्हणाले. बायकांचे हात नाचातच वर होते. नवऱ्यांनी बायकांकडे पाहिले आणि एकेक हात वर गेला.

दार झाले. त्यातून पहिल्यांदा इस्त्रीवालीने सासऱ्यांची चाकाची खुर्ची ढकलत नेली. त्यांनी खुर्ची माझ्यापाशी थांबवायला लावली. "नाच काही कळला नाही, बाई," ते म्हणाले, आणि चालता हात माझ्या डोक्यावर ठेवला. दवाखान्यापर्यंत मी सबंध रस्ताभर रडले. वर्तमानपत्राने 'ज्येष्ठ नर्तिकेचे भिंतीवर धरणे' असे छापले. मी खुलासा पाठवला नाही.

कलम चौथे. त्या बातमीचे फ्रेम केलेले कात्रण चेअरमनना द्यावे. फोटोत त्यांनी माझा पाय धरलेला स्पष्ट दिसतो. माझा राग संपला आहे, हे त्यांना तोंडीही सांगावे, फोटो दिल्यानंतर.

कलम पाचवे. मंडळाची प्रमुख यापुढे इस्त्रीवाली. नाच येत नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये. परत पाठवायचा नियम असता तर मीच आत आले नसते.

कलम सहावे. माझ्या शोकसभेत दोन मिनिटे शांतता पाळू नये. तालमीत ती मला जन्मभर मिळाली नाही. ऐकायला मी नसताना ती पाळली, तर तो निव्वळ आगाऊपणा समजला जाईल.

लिहून देणार : सही (वळणदार, पण माझीच)
साक्षीदार : १. दवाखान्यातले डॉक्टर. २. चेअरमनची बायको, चौथे कलम वाचून पोट धरून हसली, मग सही केली.
ठिकाण : तालमीची खोली
दिनांक : सहा नोव्हेंबर